जटायूच्या जिल्ह्यातून गिधाडं कुठं गेली?

दोस्तांनो, एक गंमत सांगते. म्हणजे आधी ती गंमत वाटली, नंतर मात्र मी चांगलीच विचारात पडले.

आमच्या शाळेत चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालला होता. फळ्यावर मी अन्नसाखळी काढली होती. गवत, गवत खाणारी गाय, आणि पुढं एक बाण. मी विचारलं, "गाय म्हातारी होऊन मेली, तर तिला कोण खाणार?"

"कुत्री!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

"आणखी कोण?"

"कावळे!"

"आणखी?"

सगळे गप्प. मग मी गिधाडाचं एक मोठं चित्र दाखवलं. बाकदार चोच, पिसं नसलेली मान, वाकलेले खांदे. मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, हे खरंच असतं? का डायनासोरसारखं आधी होतं?"

वर्गात खसखस पिकली. मला मात्र हसू आलं नाही. कारण खरं सांगू? माझं वय छत्तीस. माझ्याही लहानपणी आमच्या गावात मी गिधाड पाहिल्याचं मला आठवत नाही. डी.एड.ला असताना पाठासाठी मी गिधाडाचं चित्र रंगवलं होतं, तेसुद्धा पुस्तकातल्या चित्रावरून!

आणि आमची शाळा कुठं, तर नाशिक जिल्ह्यात. रामायणातली पंचवटी आपल्या नाशिकची. सीतामाईला पळवून नेणाऱ्या रावणाशी लढला तो जटायू म्हणजे गिधाडच. इगतपुरी तालुक्यात टाकेदला जटायूचं मंदिर आहे. घायाळ जटायू इथंच पडला आणि इथंच रामाची त्याची भेट झाली, अशी कथा तिथं सांगतात. जटायूच्या जिल्ह्यातली मुलगी विचारते, गिधाड खरंच असतं का? हा प्रश्न तिचा नव्हे, आपल्या सगळ्यांचा आहे.

तीन प्रश्नांचा गृहपाठ

त्या दिवशी मी पाढे दिले नाहीत, शुद्धलेखन दिलं नाही. गृहपाठ दिला तो असा : घरी जाऊन आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारायचे. गिधाड पाहिलंय का? कुठं पाहिलं? शेवटचं कधी पाहिलं?

दुसऱ्या दिवशी मुलांचे हात खाली यायलाच तयार नव्हते. एकाचे आजोबा म्हणाले होते, "बैल मेला की गावाबाहेरच्या माळावर नेऊन टाकायचो. आभाळात आधी एक ठिपका दिसायचा, मग दहा, मग पन्नास. दुपारपर्यंत नुसता सांगाडा उरायचा." एकीची आजी म्हणाली होती, "माळाच्या बाजूला जायला भ्या वाटायचं, पण वास म्हणून कधी आला नाही." आणखी एका आजोबांनी सांगितलं, की मागून हाडं गोळा करणारे लोक यायचे आणि ती स्वच्छ हाडं पोत्यात भरून विकायला न्यायचे.

पण तिसऱ्या प्रश्नाला कुणाकडेच नीट उत्तर नव्हतं. "थोरल्याच्या लग्नाआधी असतील", "तुझा बाप शाळेत होता तेव्हा", अशी उत्तरं आली. म्हणजे बघा, पंख पसरले तर माणसाच्या उंचीपेक्षा लांब भरतील एवढा मोठा पक्षी गावातून गेला, आणि तो कधी गेला ते कुणाच्या लक्षातच आलं नाही!

आधी ओळख करून घेऊ

गिधाड हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. "काय गिधाडासारखा टपून बसलाय!" असं म्हणतो. पण गिधाड कुणाला मारत नाही बरं का. त्याचे पाय गरुडासारखे भक्ष्य पकडून उचलायला बनलेलेच नाहीत. ते खातं मेलेलं जनावर.

त्याच्या मानेवर पिसं का नसतात? जनावराच्या पोटात मान घालून खायचं म्हटल्यावर पिसं रक्तानं बरबटणार. उघडी मान उन्हात लवकर वाळते आणि स्वच्छ राहते. त्याच्या जठरात आपल्यापेक्षा किती तरी तीव्र आम्ल असतं. सडलेल्या मांसातले, आपल्याला आजारी पाडतील असे बहुतेक जंतू त्या आम्लात मरून जातात. थोडक्यात, रोगाचे जंतू गिधाडाच्या पोटात शिरले की त्यांचा प्रवास तिथंच संपतो.

आता सगळ्यात मोठी गंमत ऐका. आपल्याकडची गिधाडं वासावरून अन्न शोधत नाहीत, नजरेवरून शोधतात. ऊन तापलं की जमिनीवरची गरम हवा वर चढू लागते. तिच्यावर पंख पसरून गिधाडं फारसे पंख न हलवता तासन् तास घिरट्या घालतात. आणि ती नुसती जमिनीकडे बघत नाहीत, एकमेकांकडेही बघतात! एक गिधाड खाली उतरू लागलं, की दूरवरचं दुसरं ते बघतं आणि तिकडे वळतं. दुसऱ्याला बघून तिसरं, तिसऱ्याला बघून चौथं. ना फोन, ना निरोप, तरी पंगतीला सगळे हजर! मोठा थवा असेल तर एका गाईचं मढं तासाभरात साफ होतं.

हा एकजुटीनं जेवण्याचा गुण लक्षात ठेवा. पुढं तो लागणार आहे.

हजारातलं एक

१९८०च्या दशकात भारतात किती गिधाडं असावीत? काही जाणकारांचा अंदाज चार कोटींच्या घरातला आहे. शहराबाहेर, नदीकाठी, खाटिकखान्याजवळ, जिथं बघावं तिथं गिधाडं. एवढा मोठा पक्षी कधी संपेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

राजस्थानात भरतपूरला केवलादेव नावाचं पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेलं राष्ट्रीय उद्यान आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या मुंबईच्या संस्थेचे डॉ. विभू प्रकाश तिथं गिधाडांचा अभ्यास करत होते. १९८०च्या दशकात त्यांनी गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी मोजली होती. दहा वर्षांनी ते पुन्हा मोजायला गेले, तर निम्म्याहून अधिक घरटी गायब! झाडांवर माना टाकून पेंगणारी गिधाडं आणि झाडाखाली पडलेली मेलेली गिधाडं. पुढं दोन-चार वर्षांतच तिथली घरटी जवळपास संपली.

मग देशभर गणती झाली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ज्या रस्त्यांनी जाऊन गिधाडं मोजली होती, त्याच रस्त्यांनी पुन्हा जाऊन मोजली. २००७ पर्यंतचा हिशेब असा निघाला : पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ मध्ये हजार होती असं धरलं, तर २००७ मध्ये उरलं होतं एक. हजारातलं एक! लांब चोचीच्या गिधाडांची स्थिती थोडी बरी, म्हणजे हजारातली तीसेक उरली. जगात कुठल्याही पक्ष्याची संख्या इतक्या झपाट्यानं कमी झाल्याची उदाहरणं फार थोडी आहेत.

गुन्हेगार सापडला, पण...

आता हे एखाद्या रहस्यकथेसारखं झालं. खून झालाय, पण करणारा सापडत नाही. कुणी म्हणालं नवा विषाणू आला असेल, कुणी म्हणालं शेतातली कीटकनाशकं असतील. शास्त्रज्ञ मेलेली गिधाडं तपासत राहिले. बऱ्याच गिधाडांच्या पोटात काळजावर, यकृतावर खडूच्या पुडीसारखा पांढरा थर दिसत होता. तो युरिक आम्लाचा थर. मूत्रपिंडं बंद पडली की असं होतं.

अखेर २००४ मध्ये उत्तर मिळालं. पाकिस्तानात काम करणारे डॉ. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी दाखवून दिलं, की गिधाडं मरतात ती डायक्लोफिनॅक या औषधामुळं.

नाव ओळखीचं वाटतंय का? बाबांची पाठ धरली, आजीचे गुडघे दुखले, की डॉक्टर कधीकधी हेच औषध देतात. दुखणं आणि सूज कमी करणारं हे साधं औषध. १९९०च्या दशकात ते गाई, बैल, म्हशींनाही सर्रास दिलं जाऊ लागलं. स्वस्त आणि लगेच गुण येणारं. बैल लंगडला, द्या इंजेक्शन. गाईला ताप आला, द्या इंजेक्शन. औषध दिल्यावर जनावर बरं झालं तर प्रश्नच नव्हता. पण दोन-चार दिवसांत ते दगावलं, तर औषध त्याच्या मांसात शिल्लक राहायचं. ते मांस गिधाडांच्या पोटात गेलं, की काही दिवसांतच त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची.

म्हणजे आपल्या रहस्यकथेत दुष्ट माणूस कुणीच नाही! शेतकऱ्यानं तर आपल्या मुक्या जनावराचं दुखणं कमी व्हावं म्हणूनच औषध दिलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनीही चांगल्या हेतूनंच दिलं होतं. गाईला दिलेलं औषध आभाळातल्या पक्ष्याला मारेल, हे कुणाच्या डोक्यात यावं तरी कसं?

दोनशे ताटांचं गणित

वर्गात मुलांनी एक शंका काढली. "बाई, सगळ्याच जनावरांना थोडंच हे औषध दिलं असेल? मग सगळी गिधाडं कशी मेली?"

शंका अगदी बरोबर होती. शास्त्रज्ञांनाही ती पडली होती. त्यांनी गणित मांडलं आणि उत्तर आलं, की शंभरातल्या एका जनावराच्याही अंगात ते औषध असायची गरज नाही, त्याहून कमी असलं तरी एवढा नाश होऊ शकतो!

कसं ते बघू. गिधाड रोज जेवत नाही. समजा, ते तीन दिवसांतून एकदा पोटभर खातं. म्हणजे वर्षात सुमारे एकशेवीस जेवणं. आता समजा, दोनशे ताटांपैकी फक्त एका ताटात विष आहे. एका जेवणात ते ताट वाट्याला येण्याची शक्यता अगदी थोडी. पण वर्षाला एकशेवीस वेळा, दोन वर्षांत दोनशेचाळीस वेळा ताटावर बसायचं म्हटलं, तर ते विषाचं ताट कधी ना कधी समोर येणार की नाही?

आणि त्या ताटावर गिधाड एकटं नसतं. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते आठवा. एकाला बघून दुसरं, दुसऱ्याला बघून तिसरं. एका मढ्यावर पन्नास गिधाडं बसली, तर पन्नासांच्या पोटात विष. ज्या गुणावर गिधाडं हजारो वर्षं जगली, तोच गुण त्यांच्या जिवावर उठला.

पुढचं गणित पिल्लांचं. गिधाडाची मादी वर्षातून एकच अंडं घालते. तेही वयाची चार-पाच वर्षं झाल्यावर. नर-मादी दोघं मिळून ते उबवतात, पिल्लू वाढवतात. त्यात कितीतरी महिने जातात. गिधाडं बरीच वर्षं जगतात, म्हणून एरवी एक पिल्लू पुरतं. पण मोठी गिधाडंच भराभर मेली, तर वर्षाचं एक पिल्लू ती भर कशी काढणार? टाकीचा नळ थेंबथेंब गळतोय आणि खालची तोटी पूर्ण उघडी आहे, असं झालं.

रिकाम्या पंगतीला कोण आलं?

गिधाडं गेली, पण जनावरं मरायची थोडीच थांबली? माळावरची मढी तशीच सडू लागली. वास सुटला. पावसात ती घाण ओढ्यात, ओढ्यातून विहिरीत जाऊ लागली. हाडं गोळा करणाऱ्यांना स्वच्छ हाडं मिळेनात. आणि पंगतीला नवे पाहुणे आले : भटकी कुत्री आणि उंदीर.

आता कुत्रीचं गणित मांडा. ती वर्षभराच्या आतच पिल्लं देण्याएवढी मोठी होते. एका वेळी चार-सहा पिल्लं, आणि वर्षातून दोनदा होऊ शकतात. अन्न भरपूर मिळालं तर त्यातली जास्त जगतात. म्हणजे गिधाडांची संख्या भरून यायला जिथं कित्येक वर्षं लागणार, तिथं कुत्र्यांची संख्या बघता बघता वाढते. १९९२ नंतरच्या दहा-बारा वर्षांत गिधाडं कमी झाल्यामुळं देशात सुमारे पंचावन्न लाख कुत्री वाढली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

यात कुत्र्यांचा काही दोष नाही हं. अन्न मिळालं, ती वाढली. पण कुत्र्याच्या पोटात गिधाडासारखं जंतूंना मारणारं तीव्र आम्ल नसतं. शिवाय कुत्रं पिसाळलं तर त्याच्या चावण्यातून माणसाला रेबीज होतो. १९९२ ते २००६ या काळात या वाढलेल्या कुत्र्यांमुळं देशात रेबीजचे सुमारे अठ्ठेचाळीस हजार जादा मृत्यू झाले असावेत, असा हिशेब २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढं २०२४ मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडं भरपूर असायची आणि ज्या जिल्ह्यांत ती मुळातच नव्हती, त्यांची त्यांनी तुलना केली. गिधाडं गेली त्या जिल्ह्यांत माणसांचं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांहून जास्त वाढलेलं दिसलं. २००० ते २००५ या काळात जादा मृत्यू सुमारे पाच लाख!

आणखी एक धागा आपल्या शेजारचा. अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका आपल्या नाशिकला लागूनच आहे. तिथं अभ्यासकांनी उसाच्या पट्ट्यातले बिबटे काय खातात ते शोधून काढलं. त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा निघाला तो कुत्र्यांचा! म्हणजे गावाच्या आसपास कुत्री जास्त, तर बिबट्याला गावाच्या आसपास अन्न जास्त.

फळ्यावर मी हे सगळं बाणांनी जोडत गेले. गाय, औषध, गिधाड, कुत्रं, उंदीर, विहीर, बिबट्या, माणूस. शेवटी फळ्यावर साखळी राहिलीच नाही, कोळ्याचं जाळं झालं! एका मुलानं विचारलं, "बाई, मग पुस्तकात साखळी का म्हणतात?" मी म्हटलं, "सोपं पडावं म्हणून. खरं असतं ते जाळंच."

तीन पुस्तकी शब्द

आता पुस्तकातले तीन शब्द शिकून घेऊ. परीक्षेलाही उपयोगी पडतील.

प्रजाती म्हणजे एका जातीचे जीव. आपल्या भागात दिसणाऱ्या दोन प्रजाती म्हणजे लांब चोचीचं गिधाड आणि पांढऱ्या पाठीचं गिधाड. दिसायला चुलतभाऊ, पण प्रजाती वेगळ्या.

संख्या म्हणजे एखाद्या ठिकाणी त्या प्रजातीचे किती जीव आहेत ती. प्रजाती असणं वेगळं आणि संख्या पुरेशी असणं वेगळं. सगळ्या जिल्ह्यात दोनच गिधाडं उरली तर प्रजाती आहे असं म्हणता येईल, पण माळावरची मढी काही साफ होणार नाहीत. जी कामं थव्यानं व्हायची असतात, त्यांना थवाच लागतो.

तिसरा शब्द अधिवास, म्हणजे जीवाचं राहायचं ठिकाण. लांब चोचीचं गिधाड उभ्या कड्यांच्या कपारीत घरटं करतं. पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच, जुन्या झाडांवर करतं. नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर अंजनेरीचा डोंगर आहे. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून आपण त्याला ओळखतो. त्याच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. जटायू आणि हनुमान, दोघंही आपल्याच जिल्ह्यात, शेजारी शेजारी! काही वर्षांपूर्वी अंजनेरीवर मोटारीचा रस्ता न्यायचा विचार पुढं आला, तेव्हा नाशिकच्या पक्षीमित्रांनी विरोध केला तो याचसाठी. कडा तिथंच राहील, पण खाली हॉर्न, सुरुंग, गर्दी सुरू झाली, तर गिधाडाच्या दृष्टीनं ते घर राहील का?

प्रजाती, त्यांची संख्या, त्यांचे अधिवास, आणि त्यांना जोडणारी हवा, पाणी, माती. हे सगळं मिळून होते ती परिसंस्था. अन् त्यात आपणही आलोच. आपला गोठासुद्धा!

खोरीपाड्याचं हॉटेल

आता बरी बातमी. औषधाचा उलगडा झाल्यावर सरकारनं २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बनवण्यावर बंदी घातली. त्याच सुमारास मेलॉक्सिकॅम हे दुसरं औषध तपासून बघितलं गेलं. ते जनावराचं दुखणंही कमी करतं आणि गिधाडांनाही बाधत नाही. पण माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या बाटल्या काही लोक जनावरांसाठी वापरत राहिले. म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्याच बंद झाल्या, एका वेळेपुरती तीन मिलिलिटरची छोटी बाटलीच ठेवली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही गिधाडांना घातक असलेली आणखी दोन औषधं जनावरांसाठी बंद झाली.

हरियाणात पिंजोर इथं गिधाडांचं प्रजनन केंद्र आहे. तिथं वाढलेली गिधाडं २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्रात पेंच आणि ताडोबाच्या जंगलात आणून सोडली. सगळीच जगली असं नाही. रानात जगणं सोपं नसतं. पण प्रयत्न चालू आहेत.

आपल्या जिल्ह्यातही एक छान प्रयोग झाला. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ खोरीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. तिथं वनखात्यानं आणि गावकऱ्यांनी मिळून २०११ च्या सुमारास गिधाडांसाठी चक्क हॉटेल काढलं! टेबल-खुर्च्या नाहीत हं. गावापासून बाजूला, कुंपण घातलेली मोकळी जागा. आसपास एखादं जनावर आपल्या मरणानं मेलं, की ते तिथं नेऊन ठेवायचं. गिधाडांना बिनविषारी जेवण मिळतं आणि गावात घाणही होत नाही. लोक त्याला 'जटायू रेस्टॉरंट' म्हणू लागले. मला या गोष्टीत सगळ्यात काय आवडलं सांगू? हे काम एकट्या साहेबांचं नाही. आपलं जनावर मेल्यावर निरोप देणारा शेतकरी नसता, तर हॉटेलात ताटच वाढलं गेलं नसतं.

आम्ही अंजनेरीला गेलो

गेल्या हिवाळ्यात आमची सहल अंजनेरीला गेली. वर चढलो नाही, पायथ्याशीच बसलो. एका पक्षीमित्रांनी त्यांची दुर्बीण दिली. ते म्हणाले, "आधी पक्षी शोधू नका. कड्यावर चुना सांडल्यासारखे पांढरे ओघळ शोधा. ती गिधाडांची शीट. तिथं घरटं असायची शक्यता."

मुलांनी ओघळ शोधले. तासभर काहीच हललं नाही. काहींचे डबे उघडले, काहींची भांडणं सुरू झाली. ऊन चांगलं तापल्यावर कपारीतून एक मोठा तपकिरी पक्षी बाहेर पडला. एकदाही पंख न हलवता तो आमच्या डोक्यावरून गेला. त्याची सावली जमिनीवरून पळाली, तिच्यामागं दोन मुलंही पळाली! मग दुसरा आला, मग तिसरा.

मागच्या रांगेतली ती मुलगी दुर्बीण सोडायलाच तयार नव्हती. मी विचारलं, "काय गं, डायनासोर आहे का?" ती म्हणाली, "नाही बाई. पण तीनच आहेत."

मी तिला काही उत्तर दिलं नाही. तीनच होते.

तुम्ही काय करू शकता?

एक : घरी गाई-म्हशी असतील तर त्यांना कुठलं औषध देतात ते विचारा आणि मेलॉक्सिकॅमचं नाव घरात सांगा.

दोन : संक्रांतीला नायलॉनचा मांजा आणू नका, मित्रांनाही आणू देऊ नका. येवल्याचे पतंग काय आणि नाशिकचे काय, साध्या दोऱ्यानंही आभाळात जातात. झाडांत अडकलेला नायलॉनचा दोरा पक्ष्यांचे पंख कापतो.

तीन : घरट्याच्या कड्याखाली फटाके, भोंगे, आरडाओरडा नको. बघायचं ते दुरून.

चार : कुत्रं चावलं तर घरी लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस घ्या.

पालकांसाठी दोन शब्द

जनावर आजारी पडलं की आपला जीव तुटतो, हे मी शेतकऱ्याचीच मुलगी असल्यानं जाणते. औषध जरूर द्या. पण जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच द्या आणि "गिधाडांना चालेल असं द्या" एवढं एक वाक्य जास्त बोला. माणसांचं इंजेक्शन जनावराला देऊ नका. भटकी कुत्री किंवा बिबट्या मरावा म्हणून मढ्यावर विष टाकू नका. ते विष कुणाकुणाच्या पोटात जाईल हे आपल्या हातात राहत नाही. बांधावरचं जुनं, उंच झाड तोडायची वेळ आली तर एकदा मान वर करून बघा. आणि सुट्टीत मुलांना आजी-आजोबांजवळ बसू द्या. माळावरच्या त्या पंगती डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत.

तर दोस्तांनो, तुमचाही गृहपाठ तोच. गिधाड पाहिलंय का? कुठं? शेवटचं कधी? आजी-आजोबांची उत्तरं, गावाचं आणि तालुक्याचं नाव घालून, एका पोस्टकार्डावर लिहून आपल्या साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा. आमची चौथी नाशिक जिल्ह्याचा मोठा नकाशा काढणार आहे आणि तुमच्या पत्रांतली गावं त्यावर ठिपक्यांनी दाखवणार आहे. आधी कुठं होती ते कळलं, म्हणजे पुन्हा कुठं येऊ शकतील तेही शोधता येईल.